साडेतीन दिवसांची नटी

आमच्या शेजारच्या हौसाजिजी रोज सकाळी म्हशीची धार काढता काढता एका नटीचा पुरस्कार काढून घेत असत. तो पुरस्कार त्या नटीला अजून मिळालेला नव्हता. तिचा सिनेमाही लागलेला नव्हता. पण त्यानं जिजींचं काही अडत नव्हतं.

"न्हाई मिळायचा तिला," भिंतीपलीकडून आवाज यायचा. मग चरवीत दुधाची धार. मग पुन्हा, "कसा मिळंल?"

मी भिंतीअलीकडे शाळेचा डबा भरत असायचे. पंधरा वर्षांपूर्वी लग्न होऊन कोल्हारला आले, तेव्हापासून जिजींचा आवाज हेच माझं घड्याळ. आधी त्यात दुधाचा फॅट, डेअरीवाला आणि चाकणला नोकरी करणारा त्यांचा मुलगा असे विषय असायचे. आता सगळं मागे पडून एकच विषय उरला होता.

झालं असं होतं, की आदल्या वर्षीच्या थंडीत प्रवरेच्या काठाला एका सिनेमाचं शूटिंग झालं. शेती करणाऱ्या विधवेची गोष्ट. नायिकेचं काम करणारी नटी मुंबईची. गावाकडची बाई कशी बोलते, कशी बसते, हे शिकायला तिला कुणाच्या तरी घरी ठेवायचं ठरलं आणि सरपंचांनी जिजींचं नाव सुचवलं. घरात एकटी बाई, दारात म्हैस, बोलायला तिखट. आणखी काय हवं? ती सोमवारी सकाळी आली आणि गुरुवारी दुपारी गाडीत बसून गेली. जिजींनी तिचं नाव कधी घेतलंच नाही. त्या तिला 'साडेतीन' म्हणायच्या.

"सविते, साडेतीनचं काय आलंय का गं मोबाईलवर?"

येतच असायचं. दिवाळीनंतर सिनेमाची झलक आली आणि चर्चेला ऊत आला. यंदाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार नक्की, आता फक्त घोषणा बाकी, 'ही बाई ती जगली आहे' वगैरे. मी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि जिजींचा चेहरा बघत राहायचे.

"जगली? साडेतीन दिवस जगली! मी चाळीस वर्सं जगले, मला कुनी नारळ तरी दिला का?"

ती झलक त्यांनी माझ्या मोबाईलवर इतक्या वेळा पाहिली, की माझ्या मुलीला तिच्यातले संवाद पाठ झाले. दर वेळी नवी चूक सापडायची. "चुलीपुढं बसून पदर सोडलाय बघ. पेटंल की!" दुसऱ्या दिवशी, "ही भाकरी थापती का टाळ्या वाजवती?" तिसऱ्या दिवशी तर त्या खरोखर चिडल्या. "म्हशीला 'चल ना' म्हनती! म्हस काय हिच्याबरूबर बाजारला निघालीय?"

"जिजी, पण चालते तर हुबेहूब तुमच्यासारखी," मी एकदा म्हणून गेले.

"मंग? पाय माझे आन् पुरस्कार तिला!" म्हणून त्या आत निघून गेल्या. कमरेवर हात ठेवून, उजवीकडे किंचित कलत. अगदी झलकेतल्यासारख्या.

नुसती नावं ठेवून भागेना, तेव्हा त्यांनी विरोधी पक्ष उभा केला. त्याच पुरस्कारासाठी दुसऱ्या एका नटीचंही नाव घेतलं जात होतं. तिनं तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सचं काम केलं होतं. तोही सिनेमा लागायचा होता. पण जिजींचा पाठिंबा जाहीर झाला. "नर्सबाई चांगली हाय. इंजेक्शन देताना हात बघ कसा थिर."

एका बातमीखाली वाचकांचा कौल मागवला होता. हे मी सांगायला नको होतं. त्या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते बाजूला राहिले आणि जिजींनी सगळ्यांना आपापले मोबाईल काढायला लावले. त्या स्वतः मधोमध उभ्या राहून निवडणुकीच्या साहेबासारख्या प्रत्येकीच्या बोटाकडे बघत होत्या. नर्सबाईला भराभर मतं पडली. फक्त मंदाकिनीनं साडेतीनला मत दिलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तिचं लुगडं आवडलं मला."

"ते लुगडं माझं हाय!" जिजी ओरडल्या.

होतंही त्यांचंच. जाताना साडेतीन मागून घेऊन गेली होती, बदल्यात एक भारी साडी ठेवून. ती साडी जिजींनी एकदाही नेसली नाही. मंदाकिनीशी त्या पुढे महिनाभर बोलल्या नाहीत.

मला या सगळ्याची मजा वाटायची. हेवा हा प्रकार इतका उघड्यावर वाळत घातलेला मी तोवर पाहिला नव्हता. आपण आपला झाकून ठेवतो. शाळेतल्या माझ्या सहकारी बाईंना आदर्श शिक्षिका म्हणून पुरस्कार मिळाला, तेव्हा मीच हार आणला होता आणि घरी येऊन भांडी आपटली होती.

सिनेमा लागला तेव्हा जिजी म्हणाल्या, "मी न्हाई बघनार." शनिवारी म्हणाल्या, "तू बघनार असशील तर सोबतीला येते." रविवारी सकाळी भिंतीपाशी तयार होऊन उभ्या होत्या. नगरला दुपारचा खेळ होता.

सुरुवातीला त्यांचं चालूच होतं. विळा कसा धरलाय, कुंकू कुठं लावलंय. पुढच्या रांगेतल्या माणसानं दोनदा वळून बघितलं. "काय बघतो? माझ्या घरी शिकलीय ती," जिजींनी त्याला सुनावलं.

मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. नायिकेची लहान मुलगी तापानं गेली आहे. घरात तिचं नाव कुणी काढत नाही. आणि एका संध्याकाळी भाकरी करता करता नायिका उठते, दारात येते आणि त्या मुलीला जेवायला हाक मारते. "सुले! ए सुले!" उत्तर येत नाही, तशी आणखी मोठ्यानं. अंगणात, मग रस्त्यावर, मग नदीच्या काठानं, पार पाण्यापर्यंत, हाका मारत जाते.

जिजींचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती आणि ओठ हलत होते.

बाहेर आल्यावर बसस्टँडवर मी दोन चहा घेतले.

"सुली माझी," त्या म्हणाल्या. "पयली. तुझ्या दादाच्या आधीची. चार वर्सांची हुती."

पंधरा वर्षं एका भिंतीला राहून मला जिजींचा एकच मुलगा माहीत होता.

"सासूबाई म्हनल्या, गेलेल्या पोरीचं नाव काढायचं न्हाई, पोटातल्याला बाधंल. न्हाई काढलं. मंग दादा झाला, मोठा झाला. सासूबाई गेल्या, ह्येबी गेले. आता काढलं तर कुनाला सांगू, कोन सुली म्हनून?"

"आणि तिला सांगितलंत?"

"ती परकी. उठून जानारी. गहू निवडत बसलो हुतो, तर म्हनली, जिजी, तुमाला किती लेकरं? दोन म्हनले. इतक्या वर्सांत पयल्यांदा दोन म्हनले. मंग तिनं इचारलं, नाव ठेवू का सिनेमात? मीच म्हनले ठेव."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"पन कशी हाक मारली गं तिनं! साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी. मला एकदा तरी मारायची हुती, सविते. एकदा."

खरं सांगते, त्या क्षणी मलाही साडेतीनचा हेवा वाटला. 'तुम्हाला किती लेकरं' एवढं साधं विचारायला मला कधी सुचलं नव्हतं.

(पुरस्कार पुढे नर्सबाईंना मिळाला. जिजींनी त्या निवड समितीला जे काही म्हटलं, ते इथे लिहिता येणार नाही.)

मनमाडची बस आली. आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. बस विळद घाट उतरली, तेव्हा मी म्हटलं, "जिजी, कशी होती हो सुली?"

मी मस्करी तर करत नाही ना, असं बघितलं त्यांनी. मग खिडकीची काच सरकवली आणि सांगायला लागल्या. सुली पायाळू जन्मली. तिला ताक आवडायचं. वासराला ती भाऊ म्हणायची आणि त्याला राखी बांधायला सूत मागायची. राहुरी आली, गेली. कंडक्टर तिकिटं तपासून गेला. जिजी सांगत होत्या, हातवारे करून, मोठ्या आवाजात, आणि आजूबाजूचे लोक ऐकत होते. एका म्हाताऱ्या बाईनं तर विचारलं, "आता कुठं दिली तिला?" जिजी तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "ऱ्हायली न्हाई. पन लई गुनाची हुती."

कोल्हारला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माझा नवरा मोटारसायकल घेऊन थांबला होता. मी त्याला पुढे जायला सांगितलं आणि जिजींबरोबर पायी निघाले, कारण सुली अजून दोनच वर्षांची झाली होती.