जगदाळेकाका आणि नापास चॉकलेटं

आमच्या राजेंद्र नगरात सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, तेव्हा बाकीची माणसं ओला कचरा, सुका कचरा टाकून मोकळी होतात. जगदाळेकाका मात्र सुक्या कचऱ्याच्या डब्याशी थांबतात आणि आत काय काय आलंय ते बघतात. गाडीवाल्याला सवय झालेली आहे. तो गाडी बंद करून तंबाखू मळत बसतो.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात काका आमच्या दारात उभे राहिले. हातात चॉकलेट बारचं एक रिकामं वेष्टन होतं, व्यवस्थित इस्त्री केल्यासारखं सपाट केलेलं.

"हे तुमचं?"

माझंच होतं. डॉक्टरांनी माझी शुगर हद्दीवर आहे असं सांगितल्यापासून मी साधं चॉकलेट सोडून ते 'लो-कार्ब'वालं खात होतो. पुढच्या बाजूला हिरवं पान, एक धावणारा माणूस आणि 'फक्त तीन ग्रॅम नेट कार्ब' असं ठळक लिहिलेलं.

"पुढून नाही भिया, मागून बघा," काका इंदुरी थाटात 'भाऊ'चं 'भिया' करत म्हणाले आणि विचारायच्या आत सोफ्यावर बसले. खिशातून भिंग काढलं. "एकूण कार्ब बावीस. त्यातनं फायबर आठ वजा. ठीक आहे, माफ. मग हे साखरेच्या जागी घातलेलं अकरा ग्रॅम माल्टिटॉल, तेही पूर्ण वजा. का? कोणाला विचारून? तो अर्धामुर्धा तरी रक्तात जातोच ना! मतलब हे तीन ग्रॅम म्हणजे शुद्ध फेकाफेकी आहे."

माझी बायको चहा घेऊन आली. काकांनी तिलाही वेष्टन दाखवलं.

"आणि हे सगळं चाळीस ग्रॅमचं गणित आहे, वहिनी. बार आहे ऐंशीचा. अर्धा बार खाऊन उरलेला अर्धा गुंडाळून ठेवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी इंदूरमध्ये तरी नाही पाहिला."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. पणजोबा दरबारी फौजेत होते, आणि त्याचा उरलेला अंश म्हणजे काकांची मिशी आणि आवाज. लग्न केलेलं नाही. घरात एकटेच. घटकांची यादी ते एखाद्या हजेरीपटासारखी मोठ्याने वाचतात. गोडव्यासाठी घातलेल्या पदार्थांना ते नावाने नाही, डब्यावर छापलेल्या नंबरानेच ओळखतात. "ह्यात नऊशे पासष्ट आहे," असं, म्हणजे तेच माल्टिटॉल, ते इतक्या गंभीरपणे सांगतात, की तो नंबर पोलिसांना हवा आहे असं वाटावं. नऊशे अडुसष्टबद्दल त्यांचं मत त्यातल्या त्यात बरं आहे. "तो सज्जन आहे. रक्ताच्या भानगडीत पडत नाही."

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात हे मला काकांमुळे कळलं. एका बारमध्ये कोको पाचव्या नंबरला निघाला. काकांनी यादीवर बोट ठेवून पुन्हा मोजलं.

"चॉकलेटमध्ये चॉकलेट पाचवं," शेवटी ते म्हणाले. "मतलब वरातीत नवरदेव पाचव्या गाडीत."

चौकातला मेडिकलवाला काका येताना दिसले की काउंटरवरचे बार उचलून खाली ठेवतो. काका वाकून मागतात. एकेक वाचतात, परत देतात.

"काका, ये लायब्रेरी नहीं है," तो एकदा म्हणाला.

"लायब्ररीत खोटं लिहिलेलं ठेवत नाहीत, बेटा," काका म्हणाले आणि पुढचा बार मागितला.

कंपन्यांच्या ग्राहक सेवेलाही त्यांचा फोन जातो. मी एकदा शेजारी बसलेलो होतो. काकांनी विचारलं की पाम तेल नक्की किती टक्के आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, प्रॉडक्ट बहुत टेस्टी है." काका म्हणाले, "वो मैंने नहीं पूछा, बेटा." मग तिने त्यांची तब्येत विचारली. आवाज ओळखीचा झाला होता. काकांनी तिला जेवण वेळेवर करत जा असं सांगितलं आणि फोन ठेवला. पाम तेलाचं राहूनच गेलं.

वाचून भागलं नाही की काका स्वतःवर प्रयोग करतात. रविवारी अख्खी कॉलनी पोहे-जिलबीवर तुटून पडलेली असताना हे ओट्यावर बसून बार चघळतात आणि नंतर बोटाला सुई टोचून शुगर बघतात. एकदा गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीआधी त्यांनी एक अख्खा बार खाल्ला. 'अतिसेवनाने पोट बिघडू शकते' असं मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि ते खरं आहे की नाही हे त्यांना बघायचं होतं. बैठकीचे अध्यक्ष काकाच. ते पुन्हा पुन्हा उठून जात राहिले आणि प्रत्येक वेळी परत येऊन मंडपाचा विषय होता तिथून पुढे चालू करत राहिले. शेवटी खुर्चीत बसता बसता त्यांनी जाहीर केलं, "एवढी एक ओळ खरी आहे."

दर गुरुवारी दुपारी काका नाहीसे होत. कुठे जातात, मी कधी विचारलं नव्हतं. एका गुरुवारी मला सुट्टी होती आणि काका कुलूप लावून बस पकडायला निघालेले दिसले. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी.

"सोडू का काका? गाडी मोकळी आहे."

"हातोदला जायचंय, भिया. माझ्या थोरल्या वहिनीकडे. तुम्हाला कशाला फेरा?"

मी दार उघडलं. रस्त्यात सहज विचारलं, "काका, तुमची शुगर सध्या किती असते?"

"माझी?" काका दचकून म्हणाले. "मला कुठे शुगर आहे? एकदम नॉर्मल. वहिनीला आहे."

मग त्यांनी सांगितलं. काकांची आई लवकर गेली. मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हा काका शाळेत होते. वहिनीनेच त्यांना वाढवलं. तिला गोडाची भारी आवड, आणि डॉक्टरांनी आता सगळं बंद केलेलं. तिला बिनघोर खाता येईल असा एक तरी बार सापडायला हवा, म्हणून हा शोध चालला होता. लेबल काका तपासत. चवीचे मार्क वहिनी देत.

"आजवर एकही पास नाही," काका म्हणाले. "वहिनीची जीभ फार कडक आहे."

हातोदचं घर आता पुतण्याचं. तो मंडीत गेला होता. वहिनी ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरेशुभ्र केस, नजर तरतरीत. काकांनी माझी ओळख करून दिली, पिशवीतून बार काढला, बशीत त्याचे चौकोनी तुकडे केले आणि मागची बाजू वाचायला घेतली. वहिनी डोळे मिटून पोथी ऐकावी तशा ऐकत होत्या. प्रथिनं आली की मान डोलवायच्या.

"कोको पहिल्या नंबरला आहे, वहिनी. नऊशे पासष्ट कुठेच नाही. कागदावर तरी एकदम सही आहे. आता तू सांग."

वहिनींनी एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"कडू आहे."

"जास्त?"

"बराच. वरतून जिभेला काहीतरी चिकटतं."

"मतलब नापास?"

"नापास, वसंता."

काकांनी मान हलवली. तेवढ्यात सुनेने आतून हाक मारली. मागच्या खोलीतला पंखा बंद पडला होता. वीज मंडळाचा माणूस घरात आलेला असताना मिस्त्री कशाला बोलवायचा? काका बाह्या सरसावून आत गेले.

ते दिसेनासे होताच वहिनींनी बशी पुढे ओढली. दुसरा तुकडा खाल्ला. मग तिसरा.

"फार छान आहे हो हा," त्या मला म्हणाल्या. "घ्या ना तुम्ही पण."

"पण तुम्ही तर कडू म्हणालात."

त्यांनी आतल्या दाराकडे बघून घेतलं.

"आमचे हे गेले, आणि मग वर्षभर वसंता इकडे फिरकला नाही. मी निरोप पाठवले. पुतण्याच्या घरात काही काम नसताना कसं यायचं, म्हणायचा. असाच आहे तो, लहानपणापासून. मग माझं गोड बंद झालं आणि हा चॉकलेट घेऊन दारात उभा." त्यांनी शेवटचा तुकडा उचलला. "पास केलं तर डबाभर आणून देईल आणि म्हणेल, झालं माझं काम. सांगू नका हं त्याला."

मी नाही सांगणार म्हणालो.

काका हात पुसत बाहेर आले. रिकाम्या बशीकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी वेष्टन घडी करून खिशात ठेवलं, वहिनींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "येतो. पुढच्या गुरुवारी दुसरा आणतो."

"जरा गोड बघ," वहिनी म्हणाल्या.

परतताना दोन्हीकडे सोयाबीनची शेतं होती. काका खिडकीबाहेर बघत होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले,

"कडू नव्हता आजचा. मी सकाळी चाखला होता."

मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो. "मग वहिनींना तसं बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" काका म्हणाले. "तिने हो म्हटलं, की पुढच्या गुरुवारी मी काय सांगून जाणार त्या घरात?"

कॉलनी जवळ आली तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि पुढच्या गुरुवारी मला सुट्टी आहे का, असं विचारलं.

सुट्टी नव्हती. मी घेतो म्हणालो.