जमिनीवरचा आदर

शाळेत सगळे त्यांना तात्पुरत्या बाईच म्हणत. नेमणूक तात्पुरती होती आणि कित्येक वर्षं ती तशीच चालली होती. या खेपेला मात्र मुख्याध्यापिकांनी शब्द दिला, "साहेब तपासणीला येतायत. तुमचा वर्ग आवडला तर कायम. नाही आवडला, तर दुसरी शाळा बघा."

तपासणीचा विषय होता सांस्कृतिक विविधता. त्याचं प्रशिक्षण नुकतंच झालं होतं. एकाच माणसाने, एकाच सुरात, दिवसभर विविधतेवर भाषण ठोकलं होतं. सार इतकंच, की परक्या मुलाचं वागणं विचित्र वाटलं तर ती त्याची संस्कृती समजावी आणि चौकशी करून त्याला अवघडवू नये. हे शेवटचं बाईंना फार पटलं. चौकशीला वेळ लागतो.

दुसऱ्याच दिवशी परदेशातून आलेली एक मुलगी वर्गात दाखल झाली. बाईंनी दाखवलेल्या बाकावर ती टेकली, ताडकन उठली आणि सरळ फरशीवर जाऊन बसली.

"बाई, ते बाक..."

"काही सांगू नकोस, बाळ. आम्हाला सगळं कळतं!"

बाईंचा आनंद गगनात मावेना. संस्कृती आपल्या पायांनी चालत वर्गात आली होती. त्यांनी धावत जाऊन मुख्याध्यापिकांना सांगितलं.

"एकटीच खाली बसलीय?" मुख्याध्यापिका दचकल्या. "अहो, तिला परकं वाटेल ना! सगळ्यांना बसवा खाली."

सगळी मुलं खाली बसली. मग बाई खुर्चीवर शोभेनात, म्हणून बाईही बसल्या. बाकं अडगळीच्या खोलीत गेली आणि तपासणीच्या दिवशी साहेबांची खुर्चीही त्यांच्या मागोमाग गेली. साहेब देहाने भारदस्त. भिंतीला धरून, टप्प्याटप्प्याने ते जमिनीवर उतरले. मुख्याध्यापिका बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे अख्ख्या वर्गाला ऐकू आले. मुलीच्या आईला मुद्दाम बोलावलं होतं.

"ताई, तुमच्या या सुंदर परंपरेबद्दल दोन शब्द सांगा ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"आमच्या?" आई गोंधळली. "आमच्याकडे खाली कुणीच बसत नाही. मला वाटलं, ही तुमची रीत. मुलगी म्हणाली, शाळेत बाईसुद्धा खाली बसतात. मग आम्हीही घरातल्या खुर्च्या विकून टाकल्या. सासऱ्यांना उठवायला रोज दोघं लागतात. पण तक्रार नाही हं! तुमची संस्कृती आहे, आम्ही कोण बोलणार?"

कायमची नोकरी डोळ्यांदेखत निघाली होती. आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा बाईंनी एकदाचं विचारलं, "बाळ, मग तू पहिल्या दिवशी खाली का बसलीस?"

"बाकाला खिळा होता."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"सांगत होते. तुम्हीच म्हणालात, सगळं कळतं."

साहेब बराच वेळ गंभीर होते. त्यांना उठता येत नव्हतं. चौघांनी मिळून उभं केल्यावर ते भारावून म्हणाले, "मुलाला थेट विचारायचं! वा! इतक्या शाळा पाहिल्या, पण ही पद्धत कुठेच दिसली नाही."

बाई कायम झाल्या, पण शाळेत नव्हे, प्रशिक्षण विभागात. 'मुलाला कसं विचारावं' हे त्यांचं प्रशिक्षण आता चांगलं आठवडाभर चालतं. शिक्षकांनी आपले प्रश्न अगदी शेवटी विचारायचे असतात, वेळ उरला तर.