सुभेदारांच्या हातचा आंबा

"सांगलीच्या कॉलेजात माझ्या हातचा आंबा हाय! बुंधा कवेत मावायचा न्हाई!" रहिमतपूरचे रिटायर सुभेदार उदयसिंह ही बढाई लग्नापासून मारत आले होते. त्यांच्या हातानं घरी साधी कोथिंबीर उगवली नव्हती! म्हणून बॅचचं गेट-टुगेदर ठरलं तशी बायको संयोगिता म्हणाली, "चला, बघूनच येऊ."

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एक झाड लावायचं आणि निरोपापर्यंत जगवायचं, अशी त्या कॉलेजची पद्धत. झाड जगवायचं काम तेव्हा उदयसिंहांकडं होतं.

लायब्ररीमागचा तो डेरेदार आंबा दिसला मात्र, सुभेदार धावत जाऊन बिलगले. "किती मोठा झालास रं!" मुंगळे कॉलरीतून आत शिरले, तरी गड्यानं मिठी सोडली नाही!

"बाहुबली, सांग तुझ्या वैनीला, हे झाड कुणी जगवलं!"

हॉस्टेलवरचा त्यांचा जुना पार्टनर बाहुबली भाग्यश्रीकडं बघायला लागला. ती वर्गातली मैत्रीण तोंडाला पदर लावून हसत होती.

"सांग की! लाजतूस काय?"

"वैनी, ह्यानं गावाकडनं उसाचा युरिया आणला. ओंजळीनं घातला! आठवड्यात रोप जळालं."

"मग हे वो?" संयोगितानं विचारलं.

"हा गावाला गेला की आमी गुपचूप दुसरं लावायचो. आला की परत ह्याचा युरिया! शेवटी ह्याच्या खोलीतलं पोतंच पळवलं, तवा हे जगलं."

उदयसिंह मटकन कट्ट्यावर बसले. "मला का न्हाई सांगितलं?"

"अरे, भरतीला निघाला होतास तू," भाग्यश्री म्हणाली. "रोज त्या रोपाशी गप्पा मारायचास. सांगायला कुणाच्या जिवावर येणार नाही?"

बायकोपुढं पार शोभा झाली होती. पण सुभेदारांचे डोळे वाहायला लागले ते लाजेनं नव्हे. असले दोस्त आपल्याला होते, आणि आपण पलटणीबरोबर कुठंकुठं फिरत त्यांच्यापासून लांब राहिलो!

तेवढ्यात शेवटच्या वर्षाची राणी रोप घेऊन आली. "सर, आमचं झाड तुमच्या हातानं लावू या?"

"नको गं बाई!" संयोगितानं रोप झडप घालून काढून घेतलं. "आवं, तुमी तिकडं लांब ऱ्हावा उभं!"

बाहुबलीनं रोप लावलं, भाग्यश्रीनं माती दाबली. सुभेदारांनी लांबून हळूच विचारलं, "पाणी तरी घालू का?"

"न्हाई!" अख्खी बॅच एका सुरात ओरडली.

ते ओरडणं त्यांना इतकं गोड लागलं, की घटकाभरानं त्यांनी मुद्दाम परत विचारलं.