आराखडा छापायला माणूस हवा

शाळा आणि काम यांच्यामध्ये एक दरी असते, हे सर्वमान्य आहे. आणि दरी म्हटली की तिच्या काठावर बसायला खुर्च्या लागतात. आमच्या गावाने याबाबतीत जराही हयगय केली नाही. शाळा संपलेल्या मुलामुलींना हात धरून कामापर्यंत पोचवण्यासाठी आम्ही एक नियोजन समिती स्थापन केली. तिचा चिटणीस प्रस्तुत लेखक. (निवड बिनविरोध. त्या बैठकीला मी गैरहजर होतो.)

समितीचे कार्य पाहून कोणाचाही ऊर भरून यावा. दोन वर्षांत एकोणीस बैठका झाल्या, एकशे चार सूचना आल्या. (पैकी ब्याण्णव खिडकी उघडण्याविषयी, बारा ती लावून घेण्याविषयी.) आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, दर वेळी आरंभी सांगत, "देवाने माणसाला पोट एकच दिलं, पण हात दोन दिले. यावर चिंतन करा." आम्ही करत असू. डोळे मिटून.

त्यातून दोनशे अकरा पानांचा आराखडा सिद्ध झाला. 'तरुण' कोणाला म्हणावे, यालाच चौदा पाने लागली. आराखड्याचा प्राण म्हणजे कलम सात: आराखडा छापून घरोघर पोचेपर्यंत कोणत्याही सदस्याने कोणाही तरुणाला परस्पर कामावर घेऊ नये. कारण उघड आहे. एकाला आधी मिळाले तर बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? मिळेल तर सगळ्यांना, नाही तर कोणालाच नाही. (दुसऱ्या भागाची अंमलबजावणी लगेच सुरू झाली.)

छपाई आमच्यातल्याच छापखानेवाल्यांनी अंगावर घेतली. नेमका त्याच आठवड्यात त्यांचा पाने जुळवून शिवणारा जुना कामगार लेकीकडे राहायला गेला. कागद तयार, शाई तयार, यंत्र तयार; माणूस नाही.

इथे माझी भाची येते. हिला लहानपणी बाहुली दाखवा, रडायची. छापखान्याच्या खिडकीशी उभी करा, गप्प. तिथेच काम करायचे हे तिने चौथीत ठरवले होते, आणि शाळा संपली तरी मत बदलले नव्हते. मी आराखड्याची प्रत पोचवायला गेलो तेव्हा ती बरोबर आली. छापखानेवाले आणि मी प्रस्तावनेतल्या स्वल्पविरामावर बोलत होतो, तेवढ्यात तिने समोरच्या कागदांच्या गठ्ठ्याला घड्या घालून टाकल्या. कडेला कड, एक केसभर फरक नाही.

"काका, घ्या ना मला. उद्यापासून येते."

छापखानेवाल्यांचे डोळे पाणावले. "पोरी, अगदी तुझ्यासारखीच हवीय गं. पण आराखडा छापल्याशिवाय कुणाला घेता येत नाही."

"मग छापा की."

"छापायला माणूस कुठंय?"

"ही काय, मी आहे!"

"तुला घेता येत नाही ना, बाळ."

भाचीने माझ्याकडे पाहिले. "मामा, हे कलम कुणी लिहिलं?"

(अक्षर माझे होते.)

प्रश्न विसाव्या बैठकीपुढे गेला. कलम सात बदलता येईल, यावर एकमत झाले. मात्र बदललेले कलम छापून प्रसिद्ध केल्याशिवाय लागू होत नाही. त्याच्या छपाईची अडचण सर्वांना ठाऊक असल्याने चर्चा लांबली नाही.

चार महिन्यांनी ताई, म्हणजे भाचीची आई, घरी आली. "अरे, पोरगी रोज तयार होऊन उंबऱ्यात बसते. तुमच्यात एकालाही तिला 'ये' म्हणता येत नाही?"

"अगं, 'ये' म्हणण्यासाठीच तर समिती आहे."

"मग म्हण की मेल्या!"

(ताईचा स्वभाव पहिल्यापासून घाईचा.)

पाचव्या महिन्यात भाचीने बॅग भरली आणि ती शेजारच्या शहरात गेली. तिथे समिती नाही, इतके ते मागासलेले. छापखान्याच्या मालकीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले: "बोटं सांभाळशील? सोमवारी येशील?" गावातून निघताना भाची म्हणाली, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. मला इथंच राहायचं होतं, एवढंच." मी तिला आराखड्याची हस्तलिखित प्रत दिली. वाटेत वाचायला.

एकविसाव्या बैठकीत नोंद झाली: अर्जदार अडतीस, पैकी कामाला लागले, एक, समितीचा खर्च त्यावर, शून्य. अध्यक्षांनी अभिनंदनाचा ठराव मांडला. छापखानेवाले तेवढे टेबलाकडे पाहत बसले होते. त्यांचा हात वर यायला जरा वेळ लागला. माझाही. पण आला.

हे वाचताना तुमचाही जीव हळहळला असेल. 'अरे, कुणीतरी घ्यायला हवं होतं त्या पोरीला!' असे तुम्ही मनात म्हणालाही असाल. आता मी विचारतो, उरलेल्या सदतीसांपैकी एकाला उद्या सकाळी तुमच्याकडे पाठवू? तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे? तसं नको... पण त्या मुलांसाठी काहीतरी व्हायलाच पाहिजे हो."

बस्स. सदस्य होण्यासाठी एवढेच म्हणता यावे लागते. बैठक गुरुवारी पाच वाजता आहे, वेळेवर या.