केरोबाचा दहावा

एका जंगलात, बाळांनो, खायला भरपूर होतं आणि काम काहीच नव्हतं. म्हणून तिथले प्राणी फुटबॉल बघत.

हा फुटबॉल तुमच्या शाळेतल्यासारखा नव्हे. चेंडूच्या जागी एक टणक कवठ. मधोमध एक फेक्या उभा राहायचा. समोरून पाच-सहा रानडुकरं त्याच्या अंगावर धावून यायची, आणि ती पोचायच्या आत त्याने ते कवठ लांब पळणाऱ्या आपल्या गड्याकडे फेकायचं. मग याला फुटबॉल का म्हणायचं, यात पाय कुठे लागतो, असं तुम्ही विचाराल. लागतो. फेक्याच्या बरगडीत लागतो.

नदीच्या अलीकडच्या संघाचा फेक्या होता केरोबा अस्वल. वीस मोसम तो फेकत होता. पलीकडच्या संघाला त्याने अकरा वेळा धूळ चारली होती. पण विसाव्या मोसमात त्याचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. मधाचं पोळं डोक्यावर लोंबत असायचं आणि हा खाली बसून बायकोची वाट बघायचा.

एका सकाळी तो मैदानात आला. "मंडळी, हात वर जात नाही. थांबतो," एवढंच म्हणाला आणि घरी जाऊन निजला.

इकडे जंगल कोसळलं.

कोण कोसळलं, तेही ऐका. 'केरोबा प्रेमी मंडळ' म्हणून एक मंडळ होतं. अध्यक्ष दादासाहेब साळिंदर. आयुष्यात त्यांनी कवठ फक्त चटणीत पाहिलेलं. केरोबा जिंकला की ते म्हणत, 'आपण जिंकलो.' हरला की म्हणत, 'हा हरला.' मागच्याच मोसमात त्यांनी झाडाच्या सालीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं, 'म्हाताऱ्या, घरी जा.' आता म्हातारा घरी गेला. तेव्हा दादासाहेबांनी तीच साल उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'देवमाणूस गेला.'

मग दुःखाची चढाओढ लागली. सशांनी दोन मिनिटं शांतता पाळली. ससे एरवीही गप्पच असतात, पण या वेळी ते मोजून गप्प बसले. दादासाहेबांनी तर काटे भादरून घेतले. साळिंदराने काटे भादरणं म्हणजे काय, हे बिबट्याला विचारा. तो फार भावुक झाला.

संध्याकाळी मंडळी सांत्वनाला केरोबाच्या घरी आली. दार केरोबानेच उघडलं. दादासाहेब त्याच्याच गळ्यात पडून रडले. अंगावर काटे नसल्यामुळे त्यांना हे प्रथमच जमत होतं. रडून झाल्यावर त्यांनी घरातला मध बाहेर काढायला लावला. घरात सुतक आहे, दहा दिवस गोड शिजणार नाही, चूलही पेटणार नाही, मंडळी देतील ते खायचं, असं बजावलं आणि मध जपून ठेवण्यासाठी स्वतःबरोबर नेला.

केरोबाची बायको गोदाक्का फणकारली. हे समोर उभे आहेत, सुतक कसलं, असं तिने विचारलं. मंडळाने तिची समजूत घातली, की पहिले काही दिवस असं वाटतंच.

मंडळी देऊ म्हणाली, पण ती रडण्यात इतकी गुंतली, की द्यायचं राहूनच गेलं. केरोबाने दहा दिवस पाला खाल्ला. खांद्याला शेक द्यायचा, तर चूल बंद. तो दिवस मोजत राहिला. दहावा झाला की सुटलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

दहाव्या दिवशी सगळे नदीकाठी जमले. बगळा गुरुजींनी खडकावर पानात भाताचा पिंड ठेवला. वर सावरीच्या फांदीवर कावळा येऊन बसलाच होता. कावळा पिंडाला शिवला, की गेलेल्याची काही इच्छा राहिली नाही असं समजायचं आणि घरी जायचं.

कावळा शिवेना.

दादासाहेब पुढे झाले. हात जोडून म्हणाले, केरोबा, तुमचा पुतळा उभारू. कावळा पिसं साफ करत होता. मंडळातल्या मुंगूसबाईंनी कबूल केलं, की तुमचा सात नंबर पुन्हा कुणाच्या पाठीवर रंगवणार नाही. कावळ्याने जांभई दिली. एका रानडुकराने पोराला केरोबाचं नाव द्यायचं वचन दिलं. त्यावर कावळ्याने पाठच फिरवली.

ऊन चढलं. मंडळींना भूक लागली. तेवढ्यात दादासाहेबांच्या डोक्यात उजेड पडला.

"इच्छा राहिली आहे!" ते म्हणाले. "त्यांची खेळायची इच्छा राहिली आहे. त्यांना हा मोसम खेळावाच लागेल, नाहीतर मुक्ती नाही."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, हे गुरुजींनी सांगेपर्यंत वाजवून झाल्या होत्या.

केरोबा मागे दगडाला टेकून बसला होता. आणखी एक मोसम खेळला, तर हात खांद्याला नुसता लोंबणार, हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "दादासाहेब, मी इथेच आहे. इच्छा मला विचारा की."

"तुम्ही मध्ये बोलू नका," दादासाहेब हळव्या आवाजात म्हणाले. "गेलेल्याने बोलायचं नसतं. आम्हाला त्रास होतो."

केरोबा उठला. सावरीखाली गेला आणि कावळ्याला हळूच म्हणाला, "बाबा रे, का छळतोस? शिव एकदाचा."

कावळा फांदीवर खाली वाकला. "केरोबा, आपण पडलो नदीपलीकडचे. अकरा वेळा तुम्ही आमची लाज काढलीत. आता कुठे तुमचा हात गेलाय, आणि मी तुम्हाला मोकळं करू? हा मोसम खेळा. तुम्ही असाल तर यंदा आम्ही नक्की जिंकतो."

केरोबाने एकदा कावळ्याकडे पाहिलं. एकदा मंडळींकडे पाहिलं. मंडळी त्याच्यासाठी मैदान आखायला निघाली होती.

मग तो खडकापाशी गेला. डाव्या हाताने पिंड उचलला आणि दोन घासांत खाऊन टाकला. पान चाटलं. वर नदीचं पाणी प्यायला.

दादासाहेबांनी गुरुजींना विचारलं, हे शास्त्रात बसतं का. गुरुजींनी एक पाय खाली टेकवून विचार केला. पिंड कुणी खावा याबद्दल शास्त्र सविस्तर बोलतं, ते म्हणाले, पण ज्याचा आहे त्यानेच खाल्ला तर काय, हे विचारायची वेळ शास्त्रावर आजवर आली नव्हती. पिंड उरलेला नाही, म्हणजे विधी झाला. आणि ते उडून गेले.

मंडळी चिडली. आम्ही दहा दिवस रडलो, आणि हा जेवतो? तेही डाव्या हाताने? मुंगूसबाईंना तर पहिल्यापासूनच हा हावरट वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मंडळाने एकमताने ठराव केला आणि केरोबाच्या दारावर चिकटवला: 'केरोबा थोर होते. हल्ली त्यांच्या घरात जे अस्वल राहतं, त्याच्याशी मंडळाचा काही संबंध नाही.'

गोदाक्काने ठराव वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग आत जाऊन चूल पेटवली आणि शेकायला वीट तापत ठेवली.

तात्पर्य: थोरांनी वेळेवर निवृत्त व्हावं, पण त्यानंतर जिवंत राहू नये. राहावंच लागलं, तर निदान चाहत्यांच्या देखत जेवू नये.