कुवासेत माणूस दिसत नाही

माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमच्या कुवासेच्या जुन्या गल्लीत प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूनं लाकडी पट्ट्यांची जाळी आहे. आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आतलं काडीइतकं दिसत नाही. पूर्वजांनी ही जाळी वाऱ्यासाठी केली, असं शाळेत शिकवतात. वाऱ्यासाठी! माझ्या पूर्वजांना मी चांगली ओळखते. त्या जाळीमागे भाजी चिरता चिरता मी जन्मभर माणसं वाचली आहेत. नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगते, कोण कुणाशी भांडून निघालंय ते!

शिवाय मी त्रेपन्न वर्षांची असले तरी दिसत नाही. चाळिशीची वाटते, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. डोळ्यांचे डॉक्टर! म्हणजे त्यांची नजर चांगलीच असणार.

त्या दिवशीची हकीकत मीच सांगते, कारण गावात तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरताहेत आणि एकीतही मी शोभून दिसत नाही.

मुळात भांडण होतं आमच्या वरच्या खोलीचं. मुलगी ओसाकाला नोकरीला गेली आणि खोली रिकामी झाली. मला तिथं पाहुणे ठेवायचे होते. स्वच्छ गाद्या, घरचं जेवण, खिडकीतून नदी. माझ्या यजमानांना, शिगेमित्सुंना, तिथं मासे ठेवायचे होते. करंगळीच्या पेराएवढे मासे पाळायचा नाद आहे त्यांना. आमच्या घरात अंघोळीचा टब सोडला तर पाणी राहील अशा प्रत्येक भांड्यात मासे आहेत, आणि टबाकडेही हे हल्ली ज्या नजरेनं बघतात ती नजर मला ओळखू येते.

शेवटी ठरलं, पहिल्या हिमापर्यंत एक जरी पाहुणा मुक्कामाला राहिला तर खोली माझी. नाहीतर माशांची. यांनी पाण्याची नळी आधीच जिन्यापर्यंत आणून ठेवली होती!

अशात एका मासिकात आमच्या गावाचा फोटो छापून आला. वर मथळा, ‘गर्दी टाळून बघावीत अशी जुनी गावं’. सरळसोट गल्ली, काळी कौलं, आणि चिटपाखरू नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी छातीचा फोटो काढणारी सरकारी गाडी आली होती. सगळं गाव शाळेच्या मैदानावर श्वास रोखून उभं होतं.

पण आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष इवाकिरी तो फोटो बघून पेटलेच. बैठक बोलावली.

“लोक इथं काय बघायला येणार?” त्यांनी विचारलं.

“जुनी घरं,” कोणीतरी म्हणालं.

“चूक! जुनी घरं क्योतोला ढिगानं पडलीयेत. लोक इथं ‘कोणी नाही’ हे बघायला येणार! तेव्हा ‘कोणी नाही’ हे आपण नीट दाखवलं पाहिजे!”

समोरच्या घरातल्या हात्सुए आजी म्हणाल्या, “म्हणजे मी मेल्याचं सोंग घेऊ? घेते बापडी. या वयात सराव झालेला बरा.”

नियम ठरले. बसमधून परका माणूस येत असेल तर बसवाल्यानं पुलावर दोनदा हॉर्न वाजवायचा. हॉर्न ऐकला की सगळ्यांनी आत. वाळत घातलेले कपडे आत, नव्या पाट्या आत, रंगीबेरंगी पडदे आत. दाराशी कुणी आलं तरी दिसायचं नाही!

माझं दुर्दैव असं की, त्याच आठवड्यात मला पहिला पाहुणा मिळाला. फोनवर आवाज घोगरा, जाडाभरडा.

“कुसुनोकी. गुरुवारी एक रात्र. एकच माणूस. घर कसं ओळखायचं?”

“अगदी सोपं! वर बघत या. वरच्या मजल्याला निळा पडदा दिसला की आमचं घर!”

फोन ठेवला आणि मी यांना सांगून टाकलं, “पन्नाशीचा आहे. पोट सुटलंय. मिशा आहेत. मुळा घालून शिजवलेली मासळी आवडत असणार.”

“आवाजावरून मिशा कळल्या?” यांनी विचारलं.

“मला कळतात!”

गुरुवार उजाडला. नदीपल्याडच्या मळ्यातून मी मांडीएवढा मुळा आणला. सोलायला बसते तोच पुलावरून आवाज: पँ! पँ!

गल्लीत एकच पळापळ! तोफूवाला गाडीसकट बोळात गडप झाला. मी पाहुण्यांसाठी लावलेली पाटी आत घेतली. निळा पडदा? तोही काढला. नियम म्हणजे नियम! जाळीला डोळा लावला.

बसमधून मिशा उतरल्या नाहीत. उतरली एक बाई. पाठीवर पिशवी, तोंडावर मास्क. सर्दी झाली असेल म्हणाल? अहो, चोरालाही सर्दी होते! पण खरी गोष्ट पुढेच. ही बाई दार बघेना, कुंड्या बघेना; मान वर करून एकेका घराचा वरचा मजला निरखत निघाली!

माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्याच महिन्यात खालच्या गावातल्या देवळाच्या तांब्याच्या पन्हळी चोरीला गेल्या होत्या. आणि आमच्या गल्लीत सगळ्यांच्या पन्हळी तांब्याच्या! मी हात्सुए आजींना फोन लावला आणि कुजबुजले, “आजी, बघितलंत?”

“केव्हाची बघतेय. पन्हळी मोजतेय ती.”

“मलाही तेच वाटलं!”

“तुला वाटलं असेल. मला खात्री आहे. तोकिए, ती माझ्या दाराशी आली गं!”

“आजी, नियम! नाहीशा व्हा!”

आमच्याकडे दिवसा दाराला कडी कोण लावतो? बाईनं दार सरकवलं आणि घशातून काहीतरी खरखर केली. थंडीत पाय शेकायला खाली शेगडी आणि वरून पांघरूण असलेलं बुटकं मेज असतं आमच्याकडे; आजी त्याखाली शिरल्या होत्या, पांघरूण तोंडावर ओढून. फोन मात्र सोडला नव्हता.

“पाय दिसताहेत,” आजी कुजबुजल्या. “मोजे महागातले आहेत. चोरीच्या पैशातले.”

“हलू नका!”

“तोकिए, मला शिंक येतेय.”

“दाबा!”

“या वयात काही दाबून राहत नाही गं...”

आणि शिंक आली! ती मी फोनवर ऐकली आणि गल्लीपलीकडूनही ऐकली. मेज म्हणे वीतभर उडालं. चहा सांडला. बाई दारातून अशी बाहेर पडली, जशी चुलीवरच्या तव्यावरून लाही!

पण ती गाव सोडून जाईना. पुढच्या दारात डोकावली, त्याच्या पुढच्या दारात डोकावली. शेवटी खुद्द इवाकिरींच्या घरात! अध्यक्ष पडद्यामागे लपले होते. पडदा गुडघ्यापर्यंतच होता. बाईनं त्या पायांकडे बघितलं, पायांनी एकमेकांकडे बघितलं, आणि बाई उलट्या पावली बाहेर आली. आता तिची मान वर नव्हती. ती जाळ्यांकडे बघत होती. आणि प्रत्येक जाळीमागून कुवासे तिच्याकडे बघत होतं.

मी ठरवलं, हिला मोकळी सोडायची नाही! मागच्या दारानं निघाले. हातात मुळा होता, तो हातातच राहिला.

ती चालली की मी चालायची. ती थांबली की मी थांबायची. एकदा तिनं झटकन मागं वळून बघितलं. नाणं टाकलं की सरबताची बाटली देणारं यंत्र आहे रस्त्याकडेला, त्यामागे मी शिरले. मी पूर्ण मावले. मुळा मावला नाही. बाई त्या पाल्याकडे बघतच राहिली. मग भराभर चालू लागली. मीही भराभर. ती पळाली. मीही पळाले! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच? काही केलं नसेल तर माणूस पळेल कशाला?

आणि पळत पळत ती शिरली कुठं? पोलीस चौकीत! काय हे धाडस! मग आठवलं, चौकीची पन्हळसुद्धा तांब्याची आहे.

पण तिथं हवालदार तोदोरोकी होते. आता ते बघून घेतील, म्हणून मी विजयी मुद्रेनं घरी आले. हे जिन्यावर उभे. हातात माशांची टाकी!

“खाली ठेवा ती!”

“बस गेली परत,” हे म्हणाले. “तुझा मिशीवाला काही उतरला नाही.”

“पुढच्या बसनं येईल!”

“पुढची बस उद्या. आणि सकाळी आभाळ बघितलंस? रात्री हिम पडणार.”

 ती रिकामी खोली, त्या उन्हात तापवलेल्या गाद्या! मी काही बोलणार तेवढ्यात गावचा भोंगा खरखरला. आमचा भोंगा म्हणजे संध्याकाळी पोरांना घरी धाडायचं गाणं, अस्वल उतरल्याची सूचना आणि कुणाचे आजोबा हरवले तर त्यांच्या कपड्यांचं वर्णन. डोंगरात आवाज घुमतो, म्हणून हवालदार एकेक शब्द सुटा सुटा सांगतात.

“पोलीस चौकीकडून... सूचना... संशयास्पद... बाई... आढळली आहे...”

“पकडली!” मी ओरडले. “अहो, मी म्हटलं नव्हतं?”

“ही बाई... एका प्रवासी महिलेचा... पाठलाग करत होती... वय... अंदाजे... सत्तर...”

त्तर... त्तर... डोंगर म्हणाला.

“अंगात... पिवळा एप्रन... हातात... पांढरं... जाड... बोथट शस्त्र... शस्त्राला... पाला आहे... नागरिकांनी... सावध राहावं...”

मी जाळीकडे धावले. “आजी! कड्या लावा! दोघी आहेत! त्या चोरट्या बाईची म्हातारी साथीदार गावात मोकाट सुटलीय!”

 पलीकडून आजींचा आवाज आला, अगदी मऊ, आजाऱ्याशी बोलावं तसा.

“तोकिए, बाळा...”

“काय?”

“तुझा एप्रन कुठल्या रंगाचा आहे गं?”

मी खाली बघितलं. मग हातातल्या मुळ्याकडे बघितलं. मागं यांनी टाकी हळूच जमिनीवर ठेवली. हसताना पाणी सांडतं.

मान खाली घालून चौकीत गेले. हवालदार तोदोरोकी माझ्या नजरेला नजर देईनात. समोर ती बाई, मास्क हनुवटीवर, दोन्ही हातांत गरम चहाचा पेला.

“मी... ती संशयास्पद बाई,” मी म्हणाले आणि कंबरेत वाकले. मुळाही वाकला.

बाईनं घसा खाकरला. तोच घोगरा, जाडाभरडा आवाज! “कुसुनोकी,” ती म्हणाली. “सर्दी झालीय. निळा पडदा शोधत होते.”

वाकलेली पाठ मला वर आणवेना.

“दारात सगळ्यांचे बूट,” ती सांगत होती. “चहाला वाफ येतेय. टीव्ही चालू. माणूस एक नाही! मला वाटलं, या गावाला काहीतरी झालंय. आणि मग... मग ते मेज शिंकलं!”

“मला आत्ता परत जायचंय,” ती हवालदारांना म्हणाली.

“बस उद्या,” हवालदार म्हणाले.

ती राहिली. बस नव्हती म्हणून राहिली, हे मी मान्य करते. घरी यायला निघालो तेव्हा मी मुळाही बरोबर घेतला. हवालदार म्हणाले, “पुरावा आहे, जमा करावा लागेल.” मी म्हटलं, “पुरावा जमा केलात तर पाहुण्यांच्या पोटात काय जमा करू?” तेव्हा कुठं ती बाई हसली. हसता हसता खोकली.

मुळा शिजला. निळा पडदा पुन्हा लागला. आणि तो लागताच दार सरकलं. हात्सुए आजी लोणचं घेऊन, माफी मागायला. मागोमाग तोफूवाला, ताटभर तोफू घेऊन. मग इवाकिरी, पूर्ण लांबीची पँट घालून. मग सगळी गल्ली! कुणाच्या हातात आल्याचा काढा, कुणाच्या हातात मध, कुणी घशाला बांधायला कांद्याची पात आणलेली. दारात बुटांचा ढीग, जिन्यावर माणसं, माशांच्या टाकीवर बसायला निघालेले अध्यक्ष! एवढी गर्दी क्योतोलाही होत नसेल.

“माफ करा हं,” मी कुसुनोकींच्या कानात म्हणाले. “तुम्ही गर्दी टाळायला आला होतात.”

गळ्याभोवती कांद्याची पात गुंडाळून त्या सगळ्यांकडे बघत होत्या. “ही चालेल,” त्या म्हणाल्या.

रात्री हिम पडलं. पण तेव्हा वरून घोरण्याचा आवाज येत होता, मिशा असल्यासारखा! यांनी नळी गुंडाळून ठेवली. गुंडाळली, पण जिन्याखालीच ठेवली. माणूस आशेवर जगतो.

डोळ्यांचे डॉक्टर परवा बाजारात दिसले. भाजीवाल्याला अदबीनं नमस्कार करत होते. तिथं भाजीवाला नव्हता, पोतं होतं.

आणि काल फोन वाजला. तरुण मुलीचा आवाज.

“कुसुनोकी मॅडम आमच्या ऑफिसात आहेत. त्यांनी सांगितलं म्हणून फोन केला. आम्हाला एक रात्र हवी होती. ते... मुळा घेऊन पाठलाग करणाऱ्या आजी राहतात ते घर हेच ना? आजी आहेत ना अजून?”

माझ्या तोंडावर आलं होतं, आजी कोण? मी त्रेपन्नची आहे! तेवढ्यात जिन्याशी काहीतरी हललं. हे उभे होते. हातात टाकी, डोळ्यांत आशा.

मी घसा साफ केला आणि आवाजाला किंचित कंप दिला.

“हो गं बाळा,” मी म्हणाले. “आजीच बोलतेय.”