रस्त्यावरून दिसणारं सोलर

हेडक्लार्कसाहेबांच्या घरावर दोन सोलर पॅनल होती आणि ती कोणालाही दिसत नव्हती, हेच त्यांचं दुखणं होतं.

फिटरने ती मागच्या छपरावर, स्वयंपाकघराच्या वर बसवली होती. दिवसभर ऊन खायची, जिन्याखालच्या बॅटऱ्या भरायची आणि त्यावर दिवे, पंखे आणि बायकोचं शिलाई मशीन बिनतक्रार चालायचं. (त्या घरात बिनतक्रार चालणारं तेवढंच.) पण गल्लीत कोणी एका शब्दाने विचारील तर शपथ! समोरच्या घरातले निवृत्त मास्तर तर एकदा म्हणाले, "तुम्ही सोलरचा विचार का नाही करत?" साहेबांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी ठरवलं, आणखी दोन पॅनल घ्यायची आणि चारही पुढे, रस्त्याच्या बाजूला, ओळीने लावायची.

"अहो, पुढे दिवसभर सावली असते," बायको म्हणाली. "तिथे टॉवेल वाळत नाही."

"टॉवेल आणि टेक्नॉलॉजी यात फरक असतो."

"हे बघा, शाळेच्या नाटकाचे कपडे शिवायला घेतलेत मी. पहिलंच मोठं काम आहे, मास्तरांनी शब्द टाकलाय. मशीन बंद पडता कामा नये."

"उलट दुप्पट पळेल!"

"मग तिथेच माझ्या शिवणकामाची छोटीशी पाटी तरी लावा. कधीची म्हणतेय."

"छे! आपल्याला असलं मिरवायला आवडत नाही," साहेब म्हणाले. हे म्हणताना त्यांना काहीच वाटलं नाही, हे विशेष.

फिटरला बोलावलं असतं तर त्याने फाटे फोडले असते. म्हणून काम मेहुण्याला दिलं. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवून टांगायचा. चार तारा जोडणं म्हणजे त्याला डाव्या हातचा मळ वाटत होता.

"दाजी, बोर्ड आभाळाकडे तोंड करून ठेवला तर बघणार कोण? कावळे?" त्याने रस्त्यावर उभं राहून एक डोळा मिटला. "जरा पुढे वाकवू. कोपऱ्यावरून दिसला पाहिजे."

वाकवला. चारही पॅनल रस्त्याकडे मान खाली घालून उभी राहिली. साहेब स्वतः कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आले आणि तृप्त झाले.

बॅटऱ्या आधीच्याच भरलेल्या असल्यामुळे त्या दिवशी सगळं झकास चाललं. त्या जोरावर साहेबांनी कळसच केला. वीज कंपनीत त्यांनी कनेक्शन बंद करण्याचा अर्ज आधीच देऊन ठेवला होता. आता लाईनमनला बोलावलं आणि तो मीटर काढून घेऊन गेला. बायको तेव्हा बाजारात होती. तिला सांगायचं राहून गेलं. (राहून गेलं म्हणजे, धीर झाला नाही.)

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन कण्हलं आणि थांबलं. नाटक उद्यावर आलेलं, आणि राजाच्या अंगरख्याला एकच बाही.

"लाईनवर टाका ना," बायको म्हणाली.

"लाईन... नाहीये."

"गेलीये?"

"गेली नाही. मी घालवली."

बायकोने भिंतीवरच्या मीटरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. ती ओरडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. तिने मशीनची वायर गुंडाळली आणि म्हणाली, "उचला."

मशीन छातीशी धरून साहेब आपल्याच पॅनलखालून रस्ता ओलांडून गेले. अख्खी गल्ली बघत होती. इतके दिवस त्यांना हेच तर हवं होतं.

"या, या! लाईट गेली का?" मास्तरांनी विचारलं.

"हो," साहेब म्हणाले.

"नाही," बायको म्हणाली.

"बरं, त्या काळ्या पाट्यांवर काय रंगवणार आहात? सकाळपासून लोक मला विचारतायत, दुकान कधी उघडणार म्हणून."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांच्या दिवाणखान्यात बसून ते संध्याकाळपर्यंत शिपायांच्या डगल्यांना बटणं लावत राहिले. पलीकडे राजाला दुसरी बाही फुटत होती. बायकोचा हात किती सफाईने चालतो हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलंच नव्हतं, आणि हिलाच आपण मिरवण्यावर प्रवचन दिलं, या विचाराने सुई दर टाक्याला बोटात जात होती.

नाटक छान झालं. राजाच्या अंगरख्याला टाळ्या पडल्या. चारही पॅनल मागच्या छपरावर गेली. या वेळी फिटरला बोलावलं. पुढचा लोखंडी सांगाडा काढायला मेहुणा शिडी घेऊन आला, तेव्हा बायको म्हणाली, "तो राहू दे. त्यावर माझी पाटी लाव."

साहेबांनी निमूटपणे शिडी धरली. वर मोठ्या अक्षरांत उमटलं, 'येथे सर्व प्रकारचे कपडे शिवून मिळतील.' मग मेहुण्याने लाल रंगाचा डबा उघडला.

"आता आणखी काय?" साहेबांनी खालून विचारलं.

"ताईने सांगितलंय, दाजी."

त्याने खाली लिहिलं, 'सोलरची चौकशी येथे करू नये.'

"जरा पुढे वाकव रे," बायको दारातून म्हणाली. "आणि अहो, कोपऱ्यावरून दिसतंय का, बघून या."

साहेब कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.